अलमूतचे फिदाई : इतिहासातील मारेकरी, त्यांच्या आख्यायिका आणि व्हिडिओ गेम

वृत्तसंस्थांकडून आलेली इंग्रजी बातमी मराठीत उतरवताना ‘असॅसिनेशन’ या शब्दापाशी भाषांतरकाराला क्षणभर थांबावे लागते. ‘खून’ हा शब्द पोलीस ठाण्यातील नोंदीचा वाटतो. त्यामुळे राष्ट्रप्रमुख किंवा राजकीय नेता मारला गेल्यास ‘हत्या’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु गोहत्या, भ्रूणहत्या आणि आत्महत्या यांतही हाच शब्द असल्याने इंग्रजी शब्दातील नेमकी छटा, म्हणजे सत्तेच्या पदावर बसलेल्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर आणि योजनाबद्ध वध, त्यात पूर्णपणे उतरत नाही. दुसरीकडे आत्मघाती हल्ल्याच्या बातमीत ‘फिदायीन’ हा शब्द आपण भाषांतर न करताच वापरतो. वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण एकाच बातमीपत्रात शेजारी शेजारी येणाऱ्या या दोन्ही शब्दांचा इतिहास इराणमधील एकाच डोंगरी किल्ल्याशी जोडलेला आहे.

हा किल्ला म्हणजे अलमूत. उत्तर इराणमध्ये कझवीन शहराच्या ईशान्येस, एल्बुर्झ पर्वतरांगेतील एका उभ्या कड्यावर त्याचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. इसवी सन १०९० मध्ये हसन सब्बाह या इस्माइली धर्मप्रचारकाने तो ताब्यात घेतला. त्यासाठी वेढा पडला नाही की लढाई झाली नाही. हसनचे अनुयायी आधीपासूनच शिबंदीत आणि आसपासच्या गावांत मिसळलेले होते. पुढे स्वतः हसन वेष पालटून आत राहिला आणि किल्लेदाराला परिस्थिती उमगली तेव्हा वेळ निघून गेली होती. किल्ल्याची किंमत म्हणून हसनने त्याला ३,००० सुवर्ण दिनारांची हुंडी लिहून दिली आणि ती वटलीही, असे जुवैनी हा इतिहासकार नमूद करतो. जुवैनी हा मंगोलांच्या सेवेतील अधिकारी आणि इस्माइलींचा कट्टर विरोधक होता. त्यामुळे त्याने दिलेली ही साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.

पंथाची पार्श्वभूमी

शिया इस्लामच्या इस्माइली शाखेचे त्या काळातील केंद्र कैरो येथे, फातिमी खलिफांच्या दरबारात होते. १०९४ मध्ये खलिफा अल-मुस्तनसिर यांचे निधन झाल्यानंतर वारसाहक्कावरून फूट पडली. ज्येष्ठ पुत्र निझार याचा पक्ष घेणारे ते निझारी आणि धाकटा मुस्तअली यास मानणारे ते मुस्तअली. हसन सब्बाहने निझारचा पक्ष घेतला आणि इराणमधील इस्माइलींनी कैरोशी असलेला संबंध तोडला. ही फूट मुंबईकरांना वाटते तितकी दूरची नाही. शहरातील खोजा समाजातील आगाखान यांचे अनुयायी निझारी परंपरेतील आहेत, तर दाऊदी बोहरा समाज मुस्तअली परंपरेतून आला आहे.

निझारींच्या ताब्यात विखुरलेले डोंगरी किल्ले होते. समोर मात्र सेल्जुक तुर्कांचे विशाल साम्राज्य होते. मैदानी युद्धात टिकाव लागणे अशक्य होते. तथापि सेल्जुकांची सत्ता संस्थांपेक्षा व्यक्तींवर अधिक उभी होती. एखादा अमीर किंवा वजीर मेला की त्याचे सैन्य पांगे आणि वारसदारांत भांडणे लागत. ही कमकुवत बाजू हसनने ओळखली. सैन्याशी लढण्याऐवजी सेनापतीला गाठावयाचे, असे हे धोरण होते. या कामगिरीवर जाणाऱ्यास ‘फिदाई’, म्हणजे स्वतःस अर्पण करणारा, असे म्हणत. ‘फिदायीन’ हे त्याचेच अनेकवचन होय.

या हत्यांची पद्धत पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. फिदाई खंजीर वापरीत. बाण मारून दूर पळणे किंवा अन्नात विष कालविणे या मार्गांचा त्यांनी अवलंब केल्याचे आढळत नाही. वध बहुधा उघड्यावर होई. शुक्रवारच्या नमाजासाठी जमलेली मशीद, दरबार किंवा मिरवणूक अशा ठिकाणी शेकडो लोकांच्या देखत वार केला जाई. मारेकरी सहसा जिवंत परतत नसे आणि परतण्याची त्याची तयारीही नसे. पंथाने ठेवलेल्या आणि पुढील इतिहासकारांनी उद्धृत केलेल्या यादीनुसार हसनच्या ३४ वर्षांच्या कारकिर्दीत अशा सुमारे ५० हत्या झाल्या. त्या काळातील एका मध्यम लढाईतही यापेक्षा कितीतरी अधिक माणसे पडत. मात्र लढाईत पडणाऱ्या शिपायाचे नाव इतिहासात राहत नाही, वजिराचे राहते.

वजीर आणि सुलतान

पहिला मोठा बळी ठरला तो निझाम-उल-मुल्क. दोन सुलतानांच्या काळात जवळजवळ ३० वर्षे सेल्जुक साम्राज्याचा कारभार पाहणारा हा वजीर राज्यशास्त्रावरील ‘सियासतनामा’ या ग्रंथाचा कर्ता म्हणूनही प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १०९२ मध्ये इस्फहानहून बगदादकडे जात असताना नहावंदजवळच्या मुक्कामी सूफी फकिराच्या वेषातील एक तरुण अर्ज देण्याच्या निमित्ताने त्याच्या पालखीजवळ आला आणि त्याने खंजीर खुपसला. मारेकरी तेथेच मारला गेला. काही आठवड्यांतच सुलतान मलिकशाह याचाही मृत्यू झाला आणि साम्राज्यात यादवी माजली. या हत्येमागे दरबारातील प्रतिस्पर्ध्यांचा, किंबहुना खुद्द सुलतानाचा हात होता, असा संशय समकालीनांनी व्यक्त केला होता, ही गोष्ट मात्र पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेली.

याच वजिराविषयी एक कथा मराठी वाचकांच्याही परिचयाची आहे. निझाम-उल-मुल्क, हसन सब्बाह आणि कवी उमर खय्याम हे तिघे एका गुरूचे शिष्य होते आणि जो मोठा होईल त्याने इतर दोघांना हात द्यावा, असा त्यांनी करार केला होता, अशी ती कथा. एडवर्ड फिट्झजेराल्डने १८५९ मध्ये रुबायांच्या इंग्रजी रूपांतराच्या प्रस्तावनेत ती सांगितली आणि जगभर पसरविली. आपल्याकडे फारसीचे अध्यापक असलेल्या माधव जूलियन यांनी खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून आणि फिट्झजेराल्डवरूनही मराठीत आणल्या, त्यामुळे खय्यामचे नाव येथे घरोघरी पोहोचले. परंतु वजिराचा जन्म १०१८ चा आणि खय्यामचा १०४८ चा. तीस वर्षांचे अंतर असलेले हे दोघे सहाध्यायी असणे जवळपास अशक्य आहे. कथा गोड आहे, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येते.

हत्येइतकाच हत्येचा धाकही उपयोगी पडे. सुलतान संजर एकदा झोपेतून जागा झाला तेव्हा शय्येजवळच्या जमिनीत खंजीर रोवलेला होता. काही दिवसांनी अलमूतहून निरोप आला की, सुलतानाविषयी सदिच्छा नसती तर तो खंजीर मऊ छातीत रोवणे अधिक सोपे गेले असते. त्यानंतर संजरने इस्माइलींशी दीर्घकाळ शांतता राखली, असे जुवैनी सांगतो.

या धोरणाची किंमत मात्र केवळ फिदाईंनी मोजली नाही. एखादी हत्या झाली की शहरात इस्माइली असल्याचा नुसता संशय असलेल्यांवर जमाव तुटून पडे. अलेप्पो येथे १११३ मध्ये आणि दमास्कस येथे ११२९ मध्ये अशी मोठी हत्याकांडे झाली. व्यापारी, कारागीर, स्त्रिया, मुले असे कोणीही त्यात सापडे. या मृतांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, आणि नंतरच्या कोणत्याही कादंबरीला अथवा चित्रपटालाही त्यांची आठवण झालेली नाही.

सीरिया आणि क्रुसेडची युद्धे

युरोपला या पंथाची ओळख झाली ती इराणमध्ये नव्हे, तर सीरियात. तेथील डोंगराळ भागात निझारींनी मस्याफसह अनेक किल्ले मिळविले होते. ११५२ मध्ये त्रिपोलीचा काउंट रेमंड दुसरा त्यांच्याकडून मारला गेला. तो त्यांचा पहिला ख्रिस्ती बळी मानला जातो. पुढे रशीदुद्दीन सिनान या नेत्याच्या काळात सुलतान सलाहुद्दीनवर दोनदा हल्ले झाले. दोन्ही वेळा तो बचावला आणि ११७६ मध्ये त्याने मस्याफला वेढा घातला, पण थोड्याच दिवसांत तो उठवून तो निघून गेला. युरोपीय लेखकांनी ज्याला ‘पर्वतावरील म्हातारा’ असे नाव दिले तो हाच सिनान.

२८ एप्रिल ११९२ रोजी टायर शहरातील गल्लीत माँटफेराटचा कॉनराड मारला गेला, तेव्हा ही भीती युरोपच्या राजदरबारांपर्यंत पोहोचली. जेरुसलेमचा राजा म्हणून त्याची निवड होऊन काही दिवसच झाले होते. ख्रिस्ती साधूंच्या वेषात वावरणाऱ्या दोघांनी हे कृत्य केले. त्यांना कोणी पाठविले, यावर मात्र एकमत नाही. कोणी इंग्लंडचा राजा रिचर्ड याचे नाव घेतले, तर कोणी सलाहुद्दीनचे. सिनानला स्वतःची काही कारणे असू शकतात, असेही म्हटले गेले. हिंदुस्थानच्या इतिहासातही असाच एक प्रसंग आहे. १२०६ मध्ये पंजाबातून गझनीकडे परतत असता मुहम्मद घोरी मारला गेला. काही ग्रंथ त्याचे मारेकरी इस्माइली होते असे म्हणतात, तर काही खोखर टोळीवाल्यांकडे बोट दाखवितात. एकदा एखाद्या गटाचे नाव झाले की न केलेली कृत्येही त्याच्या खात्यावर जमा होतात.

एका शिवीचा प्रवास

निझारींना त्यांचे मुस्लिम विरोधक ‘हशीशी’ म्हणत. कैरोच्या फातिमी दरबाराने ११२० च्या दशकात काढलेल्या एका पत्रात हा शब्द आढळतो. हे पत्र ज्याच्या नावाने निघाले तो खलिफा अल-आमिर पुढे ११३० मध्ये निझारींच्याच हातून मारला गेला. ‘हशीशी’ याचा शब्दशः अर्थ भांग-गांजा ओढणारा असला तरी येथे तो हलक्या दर्जाचा, समाजबाह्य मनुष्य अशा अर्थाची शिवी म्हणून वापरलेला दिसतो. फिदाईंना प्रत्यक्षात नशा दिली जात असे, असा आरोप त्या काळातील कडव्या विरोधकांनीही केलेला नाही. सावकाश बेत रचणे, महिनोन्महिने वेषांतर करून राहणे, परभाषा शिकणे ही कामे नशेत होणारी नव्हेत, हे साध्या विचारानेही लक्षात येते.

क्रुसेडला आलेल्या युरोपीयांनी मात्र हा शब्द ऐकला आणि त्याच्याभोवती कथा रचल्या. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या दूताने ११७५ च्या सुमारास दिलेल्या वृत्तात लहानपणापासून राजवाड्यात वाढविलेल्या आज्ञाधारक मुलांचे वर्णन आहे. पुढच्या लेखकांनी त्यात मादक पेयाची भर घातली. शेवटी मार्को पोलोच्या वृत्तांतात ही कथा पूर्ण रूपास आली. दोन डोंगरांमधील गुप्त उद्यान, मधाचे आणि मद्याचे पाट, सुंदर स्त्रिया, गुंगीत तेथे नेलेला तरुण आणि स्वर्गात परत जाण्यासाठी खून करण्यास तयार झालेला तोच तरुण, असा सगळा प्रपंच त्यात आहे. पोलो इराणमधून गेला तो १२७० च्या दशकात. त्यापूर्वीच, १२५६ मध्ये, मंगोल सेनानी हुलागूपुढे अलमूतचा शेवटचा अधिपती रुक्नुद्दीन खुर्शाह शरण आला होता आणि किल्ला उद्ध्वस्त झाला होता.

त्या वेळी जुवैनी हुलागूसोबत होता. किल्ल्यातील कोठारे, पाण्याची टाकी, तटबंदी यांचे त्याने बारकाईने वर्णन केले आहे. उद्यानाचा त्यात उल्लेख नाही. पंथाची निंदा करण्याची एकही संधी न सोडणाऱ्या या लेखकाला असे उद्यान दिसले असते तर त्याने ते नक्कीच लिहिले असते. त्याला दिसले ते एक मोठे ग्रंथालय. कुराणाच्या प्रती, खगोलशास्त्राची उपकरणे आणि निवडक ग्रंथ त्याने बाजूला काढले आणि उरलेले जाळून टाकले. ही गोष्ट तो स्वतःच अभिमानाने नोंदवितो. निझारींनी स्वतःविषयी लिहिलेले बहुतांश साहित्य त्या दिवशी नष्ट झाले आणि त्यांची कथा सांगण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या शत्रूंकडे गेले.

इंग्रजीतील ‘असॅसिन’ शब्दाची ‘हशीशी’शी असलेली व्युत्पत्ती फ्रेंच पंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांनी १८०९ मध्ये मांडली. तोवर शब्द पंथापासून सुटून युरोपीय भाषांत रुळला होता. दान्तेने तो वापरला आहे आणि शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये त्याचे भाववाचक रूप आढळते.

मुंबईतील खटला आणि संशोधन

या प्रकरणाचा पुढचा टप्पा मुंबईत घडला, ही बाब फारशी ठाऊक नसते. निझारींचे इमाम हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, १८४० च्या दशकात इराण सोडून हिंदुस्थानात आले आणि मुंबईत स्थायिक झाले. खोजा समाजातील एका गटाने त्यांच्या अधिकारास आव्हान दिले. समाजाची मालमत्ता आणि नेतृत्व यांवरील हा दावा मुंबई उच्च न्यायालयात चालला. १८६६ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी आगाखान यांच्या बाजूने निकाल दिला. खोजा हे मूळचे शिया इस्माइली आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी न्यायालयाला अलमूतपर्यंतचा इतिहास धुंडाळावा लागला. आठशे वर्षांपूर्वीच्या वारसाहक्काच्या वादाची झाडाझडती मुंबईच्या न्यायालयात व्हावी, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. पहिले आगाखान १८८१ मध्ये निवर्तले. त्यांची कबर माझगाव येथील हसनाबाद या वास्तूत आहे. पुण्यातील आगाखान पॅलेस, जेथे १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी स्थानबद्ध होते, तो त्यांचे नातू तिसरे आगाखान यांनी बांधविला.

विसाव्या शतकात व्लादिमिर इव्हानोव्ह या रशियन अभ्यासकाने मुंबईत राहून खासगी संग्रहांतील इस्माइली हस्तलिखितांचा शोध घेतला. १९४६ मध्ये येथेच इस्माइली सोसायटी स्थापन झाली आणि या ग्रंथांचे प्रकाशन सुरू झाले. पंथाची स्वतःची कागदपत्रे प्रथमच अभ्यासकांच्या हाती आली. मार्शल हॉजसन (१९५५), बर्नार्ड लुईस (१९६७) आणि फरहाद दफ्तरी (१९९४) यांच्या ग्रंथांनी उद्यान, नशा आणि आंधळी आज्ञाधारकता यांची कथा इतिहासातून जवळजवळ बाद केली. लोकप्रिय साहित्यातून ती बाद होणे मात्र शक्य नव्हते, कारण तोपर्यंत एक कादंबरी लिहून झाली होती.

बार्तोलची कादंबरी

ट्रिएस्ट परिसरात १९०३ मध्ये जन्मलेल्या व्लादिमिर बार्तोल या स्लोव्हेनियन लेखकाची ‘अलमूत’ ही कादंबरी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. ट्रिएस्ट तेव्हा इटलीच्या अमलाखाली होते आणि मुसोलिनीच्या राजवटीत तेथील स्लोव्हेनियन भाषकांची गळचेपी चालू होती. १९३४ मध्ये युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर मार्सेय येथे भर रस्त्यात मारला गेला होता. हे पुस्तक मुसोलिनीला उपरोधाने अर्पण करण्याचा बार्तोलचा मानस होता, असे सांगितले जाते.

बार्तोलने मार्को पोलोचे उद्यान जसेच्या तसे उचलले, परंतु त्याचा उपयोग वेगळ्या कामासाठी केला. त्याचा हसन हा कशावरही विश्वास नसलेला बुद्धिमान मनुष्य आहे. तरुणांच्या श्रद्धेवर तो शांतपणे प्रयोग करीत राहतो. इब्न ताहिर हा कोवळा कवी वजिराचा खून करतो, मरणाऱ्या वजिराच्याच तोंडून आपली फसवणूक झाल्याचे त्याला कळते आणि तो हसनला मारण्यासाठी परत येतो. या कादंबरीला ऐतिहासिक म्हणणे कठीण आहे. हुकूमशाहीत तरुण माणूस कसा घडविला जातो, याचे चित्र म्हणून मात्र ती आजही अस्वस्थ करते. प्रकाशनानंतर ती बराच काळ दुर्लक्षित राहिली. इंग्रजीत ती २००४ मध्ये आली, आणि तीन वर्षांनी तिच्या छायेतून एक गेम जन्मास आला.

दुरून केलेला वध

त्याकडे वळण्यापूर्वी खंजिराच्या जागी बंदूक आल्यावर काय झाले, ते थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. ‘स्नायपर’ हा शब्द हिंदुस्थानातच घडला. स्नाइप हा दलदलीत राहणारा, लांब चोचीचा लहान पक्षी वाकडीतिकडी झेप घेत उडतो आणि त्याला टिपणे अवघड असते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पत्रांत या शिकारीसाठी ‘स्नायपिंग’ हा शब्द येतो. पुढे तो माणसांच्या बाबतीत वापरला जाऊ लागला.

आख्यायिका तयार होण्यास शतके लागतातच असे नाही, हे स्टालिनग्राडने दाखवून दिले. उरल भागातील शिकारी कुटुंबात वाढलेल्या वासिली झैत्सेव्ह याने १० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर १९४२ या काळात २२५ शत्रुसैनिक टिपल्याची नोंद आहे. त्याला मारण्यासाठी जर्मनीहून मेजर कोनिग नावाचा निष्णात नेमबाज आला आणि दोघांत कित्येक दिवस द्वंद्व चालले, ही कथा झैत्सेव्हच्या स्वतःच्या आठवणींतही आहे. मात्र अशा जर्मन अधिकाऱ्याचा कागदोपत्री पुरावा मिळत नाही. इतिहासकार अँटनी बीव्हर यांना त्या काळातील सोव्हिएत अहवालांतही या द्वंद्वाचा उल्लेख सापडला नाही. तरीही १९७३ मध्ये विल्यम क्रेग यांच्या पुस्तकातून आणि २००१ मध्ये ‘एनिमी अ‍ॅट द गेट्स’ या चित्रपटातून ती जगभर गेली. तेथून ती ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या गेममालिकेत आली. मालिकेतील २००८ च्या गेममध्ये खेळाडू स्टालिनग्राडच्या कारंज्यात प्रेतांमध्ये पडून जर्मन नेमबाजावर नेम धरतो.

झैत्सेव्हची कीर्ती प्रचारखात्याने वाढविली हे खरे असले, तरी त्याचे खरे काम, म्हणजे कारखान्याच्या पडक्या इमारतींत इतर सैनिकांना शिकवून तयार करणे, त्या द्वंद्वकथेमुळे झाकोळून गेले. फिनलंडचा सिमो हायहा किंवा ३०९ ची नोंद असलेली सोव्हिएत नेमबाज ल्युद्मिला पावलिचेंको यांच्याबाबतही आकडा लक्षात राहतो आणि माणूस विसरला जातो.

पडद्यावरील मारेकरी

२००५ च्या ‘स्नायपर एलिट’ या गेममध्ये वारा, गुरुत्वाकर्षण, श्वास आणि हृदयाचे ठोके यांचा हिशेब ठेवून गोळी झाडावी लागते. २०१२ मधील त्याच्या नव्या आवृत्तीत गोळी शरीरात शिरून हाडे व अवयव फोडताना क्ष-किरण चित्राप्रमाणे संथ गतीने दिसू लागली. तांत्रिकदृष्ट्या हे कौशल्याचे असेल, परंतु नेमबाजाला प्रत्यक्षात जे कधीच दिसत नाही तेच येथे बक्षीस म्हणून दाखविले जाते. याउलट २००४ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ३’ मध्ये एक अतिवृद्ध नेमबाज आहे. त्याच्याशी सामना चालू असताना गेम साठवून आठवडाभराने उघडला, तर तो म्हातारपणाने वारलेला आढळतो.

सर्वाधिक वाद झाला तो ‘जेएफके रिलोडेड’ या गेमवर. स्कॉटलंडमधील एका कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये, केनेडी हत्येच्या ४१व्या स्मृतिदिनाच्या सुमारास प्रसिद्ध केला. खेळाडूने डॅलस येथील इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून अध्यक्षांच्या मोटारीवर गोळ्या झाडावयाच्या आणि त्या चौकशी आयोगाच्या निष्कर्षांशी जितक्या जुळतील तितके गुण मिळवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. ऑस्वाल्डने एकट्याने हे कृत्य केले हे सिद्ध करण्याचा आपला हेतू असल्याचे निर्मात्यांचे म्हणणे होते. मृत अध्यक्षांचे बंधू सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या कार्यालयाने त्याचा तीव्र शब्दांत निषेध केला. ज्याचे भाऊ, वहिनी, पुतणे लोकांच्या स्मरणात आहेत, अशा माणसाच्या मृत्यूला गुण देणे बहुतेकांना असह्य वाटले. कॉनराड किंवा निझाम-उल-मुल्क यांच्यासाठी असा निषेध करणारे कोणी उरलेले नाही, एवढाच काय तो फरक.

‘असॅसिन्स क्रीड’ हा गेम युबिसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने नोव्हेंबर २००७ मध्ये आणला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या मालिकेची पुढची पायरी म्हणून काम सुरू झाले होते, त्यातून हा स्वतंत्र गेम झाला. काळ ११९१ चा, तिसऱ्या क्रुसेडचा. अल्तायर हा नायक मस्याफहून निघून मुख्यतः दमास्कस, एकर आणि जेरुसलेम येथे फिरत नऊ जणांचा वध करतो. या नऊ जणांत कॉनराड नाही. त्याचे वडील विल्यम मात्र आहेत. टेम्पलर सरदारांचा प्रमुख रॉबेर द साब्ले इतिहासात ११९३ मध्ये मरण पावला, गेममध्ये तो ११९१ मध्येच मरतो. दगडी गल्ल्या, बाजार, मिनार यांच्या उभारणीत मात्र निर्मात्यांनी घेतलेली मेहनत मान्य करावी लागते.

इतिहास माहीत असलेल्यास गेममधील बदल अधिक लक्षवेधी वाटतात. इस्माइली श्रद्धेचा त्यात जवळजवळ मागमूस नाही. धर्मापेक्षा विचारस्वातंत्र्य मानणारा एक गुप्त संघ तिच्या जागी आला आहे. खंजिराऐवजी मनगटात लपविलेले पाते आहे. मुख्य म्हणजे वध केल्यानंतर गेमचा खरा थरार सुरू होतो. छपरांवरून उड्या मारीत, पहारेकऱ्यांना चुकवीत निसटावयाचे असते. खरा फिदाई वार करून तेथेच उभा राहत असे. नेत्याच्या एका इशाऱ्यावर अनुयायांनी बुरुजावरून उड्या घेऊन प्राण दिल्याची कथा क्रुसेडच्या बखरींत आहे. बार्तोलने ती कादंबरीत घेतली. गेममध्ये तीच ‘विश्वासाची उडी’ होऊन आली, पण खाली गवताने भरलेली गाडी उभी असते आणि नायक अंग झटकून चालू लागतो. मेलाच, तर प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

तरीही एका बाबतीत हा गेम त्याच्या अनेक अनुकरणांपेक्षा सरस आहे. प्रत्येक वधानंतर काळ थांबतो आणि मरणारा मनुष्य आपल्या मारेकऱ्याशी बोलतो. आपण काय करीत होतो आणि का, हे तो सांगतो, आणि त्याचे म्हणणे पुष्कळदा पटण्यासारखे असते. अल्तायरच्या मनात आपल्या गुरूविषयी संशय येऊ लागतो तो या संभाषणांतूनच. गुरूशी शेवटचा सामना होतो मस्याफच्या मागील एका रम्य उद्यानात. जुवैनीला न सापडलेले उद्यान अशा रीतीने साडेसातशे वर्षांनी पडद्यावर उभे राहिले.

मालिका पुढे इटली, अमेरिका, इंग्लंड असा प्रवास करीत राहिली. २०१६ मधील एका लहान गेमचे कथानक १८४१ च्या शीख राज्यात घडते. २०२३ च्या ‘मिराज’ या गेममध्ये कथा पुन्हा पश्चिम आशियात, नवव्या शतकातील बगदादमध्ये आली आणि त्यात संघाचे ठाणे म्हणून अलमूत दाखविण्यात आले. हसन सब्बाहने किल्ल्यात पाऊल ठेवले ते त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी.

प्रत्यक्षातील अलमूतच्या माथ्यावर आज तटाचे काही भाग, खडकात खोदलेली टाकी आणि खोल्यांचे पाये एवढेच शिल्लक आहे. निझारी इमामांची परंपरा मात्र खंडित झालेली नाही. ४९वे इमाम चौथे आगाखान यांचे ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बन येथे निधन झाले, त्यांचे दफन इजिप्तमधील आस्वान येथे करण्यात आले आणि त्यांचे पुत्र रहीम हे ५०वे इमाम झाले.